भरल्या दुकानाचा बस्ता

भिवंडीच्या बाजारपेठेत जाऊन नवलाई भांडार कुठे म्हणून विचारलंत, तर साठी उलटलेला माणूस हातातलं काम टाकून तुम्हाला दारापर्यंत पोचवेल आणि तिशीच्या आतला पोरगा मोबाइलमध्ये बघून सांगेल की असं दुकानच नाही. यात पोराचा दोष नाही. तीन मजली इमारत भर बाजारात उभी असूनही दिसेनाशी होऊ शकते, हे नवलाईनं गेल्या काही वर्षांत सिद्ध करून दाखवलं होतं.

दिसत होती तेव्हा मात्र काय दिसत होती! दुकानाचे आताचे मालक केसरीनाथ आबा, त्यांच्या वडिलांनी, म्हणजे विठूशेठ भोईरांनी, खाडीकाठचं मिठागर विकून ती बांधली. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. तोवर भांड्यांना भांडीवाला, कापडाला कापडवाला, चपलांना चपलावाला अशी सरळ रीत होती. विठूशेठनी सगळ्यांना एका छपराखाली कोंबलं. खाली स्टील आणि सायकली, पहिल्या मजल्यावर कापड आणि चपला, दुसऱ्यावर साड्या नि शालू. आणि वर जायला चक्क लिफ्ट! अकलोलीच्या गरम कुंडांवर अंघोळीला निघालेली माणसं वाट वाकडी करून आधी नवलाईच्या लिफ्टमध्ये बसून जात. दर्शनी काचेत प्लॅस्टिकची एक गोरी बाई उभी असे, तिला सगळं गाव मडम म्हणे. मडमची साडी दर सोमवारी बदलायची आणि मंगळवारी तीच साडी मागायला बायका दारात उभ्या असायच्या.

आता लिफ्टमध्ये रिकामी खोकी भरलेली होती. मडमचं एक बोट गळून पडलं होतं आणि तिच्या अंगावर दिवाळीपासून तीच साडी होती, डाव्या बाजूनं उन्हानं विटलेली. जुन्या वैभवातलं काही टवटवीत राहिलं असेल तर ती भिंतीवरची पाटी: ‘एकदा विकलेला माल कोणत्याही सबबीवर परत घेतला जाणार नाही.’ ही पाटी विठूशेठनी रंगवून घेतली आणि आबांनी देवासारखी सांभाळली. आबांच्या सख्ख्या बहिणीनं एकदा शिटी न होणारा कुकर परत आणला, तेव्हा आबांनी तोंडानं एक शब्द न बोलता पाटीकडे बोट केलं. बहिणीनं त्या वर्षी भाऊबिजेला ओवाळलं नाही. पाटी मात्र तसूभर हलली नाही.

दुकान चालत नव्हतं, तरी उघडं होतं. त्याचं कारण जवळच्या वळ गावात होतं. वळची भोईरांची जमीन गोदामांना भाड्यानं दिलेली होती आणि त्या भाड्यावर दुकानाचे दिवे जळत. त्यातल्या एका गोदामात घरपोच माल पाठवणारी एक कंपनी होती, आणि नवलाईतून जे जे घ्यायला लोक यायचे ते ते सगळं ती घरबसल्या पोचवत होती. म्हणजे ज्या जमिनीवर दुकान जगत होतं, त्याच जमिनीवरून दुकानाची गिऱ्हाइकं पळवली जात होती. हे आबांना कोणी समजावून सांगायला लागलं की ते कानातलं मशीन काढून खिशात ठेवत. त्यातून नातू मितेश त्याच गोदामात सुपरवायझर. घरातच फितुरी म्हटल्यावर बोलायचं कोणाला?

शेवटी मुलानं, धनेशनं, विषय काढलाच. बूट विकणाऱ्या एका कंपनीला पूर्ण इमारत हवी होती.

"बाबा, मी दुकानाच्या वाईटावर न्हाय," धनेश म्हणाला. "पन तुमच्या नातीचं, करिष्माचं लगीन आलंय. तिचा बस्ता जर आपल्या दुकानात बांधला गेला न्हाय, तं ह्ये दुकान आपन कोनासाठी उघडं ठेवतो, तुमीच सांगा."

आबांनी मशीन काढायला हात नेला आणि परत खाली आणला. मुद्दा खरा होता, आणि खरा मुद्दा बहिऱ्यालाही ऐकू येतो.

"बांधला गेला तं?" त्यांनी विचारलं.

"तं बूटवाल्यांना मी स्वतः नको म्हनून सांगतो."

बस्ता म्हणजे नवरीच्या शालूपासून करवलीच्या परकरापर्यंतची लग्नाची सगळी कापडखरेदी. ती एका दुकानात, एका बैठकीत व्हायची आणि शेवटी दुकानदारानं त्याचं गाठोडं बांधून द्यायचं. पण नवरीचा बस्ता वरपक्षानं घ्यायचा आणि दुकान वरमाईनं ठरवायचं. करिष्माची होणारी सासू म्हणजे कोन गावची हौसाबाई. लग्न होऊन आली तेव्हापासून कल्याणच्या रस्त्याकडेला भाजी आणि सुकट विकून तिनं घर वर काढलं होतं. पुढे जमिनीला भाव आला, बंगला झाला, दारात दोन गाड्या आल्या, पण बाईचा आवाज आणि नजर बाजारातलीच राहिली. मेथीची जुडी उचलावी तशी ती माणसं उचलून, उलटी करून बघायची.

आबा स्वतः मिठाईचा पुडा घेऊन कोनला गेले. हौसाबाईनं चहा दिला, पुडा आत नेऊन ठेवला आणि सरळ सांगितलं.

"आबा, रागवू नका. तुमचा पोर्‍या दुकान बंद करतंय आसं कानावर आलंय. मी परवा तिकरनं गेली, आत चिटपाखरू न्हाय. नवरीचा बस्ता भरल्या दुकानातनं उचलायचा आसतो. ओसाड दुकानातनं न्हाय."

"ती दुपारची वेल होती," आबा म्हणाले. "दुपारी सगलीच दुकानं रिकामी."

"आसं? मग येत्या शुक्रवारी येतो आमी. दुकान भरलेलं दिसलं तं बस्ता तुमचा. न्हाय तं मी गाडी तशीच ठान्याला वळवीन."

परत येताना आबांनी गाडीत खूप विचार केला, आणि घरी पोचेपर्यंत त्यांनी जे ठरवलं ते त्यांच्या वडिलांनी मिठागर विकलं त्याच तोलाचं होतं. त्यांनी मितेशला बोलावलं.

"तुझ्या गोदामात पोरा किती?"

"शिफ्टला शंभरेक. का?"

"शुक्रवारी ज्यांना सुट्टी आसल त्यांना दुकानात आन. फिरायचं, बगायचं, भाव इचारायचा, नाक मुरडायचं. दुपारचं जेवन माझ्याकरनं."

मितेश आजोबांकडे बघत राहिला. ज्या माणसानं गोदामाचं नाव जन्मभर काढलं नाही, तो आता गोदामातून गिऱ्हाइकं मागवत होता.

शुक्रवारी सकाळी दोन बसगाड्या भरून गिऱ्हाईक आलं. त्यात वळच्या आसपासच्या पोरी होत्या, यंत्रमागावर काम करून कंटाळून गोदामात लागलेले उत्तरेकडचे पोरगे होते, एक-दोन पोक्त बायाही होत्या. आबांनी सगळ्यांना दारात उभं करून समजावलं. नवलाईतले सर्वांत जुने विक्रेते श्रीनाथराव त्यांच्या शेजारी उभे होते. हे पांढऱ्या सदऱ्यातले गृहस्थ. घरातले सगळे मास्तर, हे एकटेच साड्यांच्या नादाला लागलेले. आयुष्यभर ‘या, बसा, काय दाखवू?’ म्हणण्यात गेलेलं, त्यामुळे खोटं गिऱ्हाईक ही कल्पना त्यांना फारशी रुचली नव्हती.

मंडळी आत शिरली. आणि आबांच्या लक्षात आलं की मोठी चूक झाली.

ही पोरं गोदामातली. नंबर बघायचा, कप्प्यापर्यंत पळायचं, खोकं उचलायचं, सरकत्या पट्ट्यावर टाकायचं, की पुढचा नंबर. रमतगमत चालणं त्यांच्या पायांना माहीतच नव्हतं. सगळे एका रांगेत, डाव्या बाजूनं, झपाझप निघाले. कपाटाशी कोणी थांबेना. तळमजला संपला, जिन्यानं वर, पहिला संपला, दुसरा संपला, आणि आबा खुर्चीत टेकताहेत तोवर सगळी पलटण पुन्हा दारात येऊन हजर.

"हो गया, चाचा," एकानं सांगितलं. "अब खाना?"

"आरं, हितं वेल लावायचा आसतो!" आबा ओरडले. "ह्ये दुकान हाय! थांबा, रेंगाळा, टाइमपास करा!"

पोरं पुन्हा वर गेली आणि रेंगाळायचा प्रयत्न करू लागली, पण हात रिकामे ठेवायची सवय नव्हती. थोड्या वेळानं श्रीनाथराव धावत खाली आले. "शेठ, त्यांनी चपलांचं कपाट आवरायला घेतलंय. मापाप्रमाणे लावताहेत."

"लावू द्या," आबा हताशपणे म्हणाले. "निदान हलताना तरी दिसतील."

खरी गोष्ट घडली ती दुसऱ्या मजल्यावर. मृणाली नावाची एक पोरगी साड्यांच्या कपाटापुढे थबकली होती. गोदामात तिचं काम साड्यांच्याच विभागात. रोज शेकड्यानं साड्या उचलायची, पण सगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, चिकटपट्टी मारलेल्या. साडी उघडली तर नोकरी जाईल असा नियम होता.

"काका," ती श्रीनाथरावांना म्हणाली, "ही... उघडून दाखवता?"

श्रीनाथरावांना असं कोणी विचारून कितीतरी महिने झाले होते. त्यांनी चष्मा पुसला, सतरंजी झटकली, साडीची घडी हातात घेतली आणि मनगटाला एक हिसका दिला. साडी हवेत उलगडली आणि मृणालीच्या पुढ्यात अलगद येऊन पडली, पदर अगदी तिच्या गुडघ्याशी. पोरीनं हात लावला, काठ उलटून पाहिला. मग मागे वळून ओरडली, "ए, इकडे या! हे उघडून दाखवतायत!"

झालं. तो शब्द जिन्यावरून खाली गेला आणि सगळं नवलाई पेटलं. जे वर्षानुवर्षं नुसती खोकी उचलत होते त्यांना आत काय असतं ते बघायचं होतं. एकानं मिक्सर लावून पाहायला मागितला. दुसऱ्यानं एकापाठोपाठ एक बूट घालून आरशापुढे चकरा मारल्या. एक बाई कढईवर टिचक्या मारून आवाज ऐकत होती. सायकलच्या घंटा तर सगळ्याच वाजत होत्या. आणि मग मंडळी विकत घ्यायला लागली. पगार नुकताच झालेला. नाक मुरडायला सांगितलेलं सगळेच विसरले.

नवलाईचा नोकरवर्ग म्हणजे चार म्हातारी माणसं, त्यांची दमछाक झाली. धनेश बूटवाल्यांशी फोनवर बोलता बोलता आत आला, फोन खिशात टाकला आणि गल्ल्यावर बसला तो उठलाच नाही. खोकी पाहिजेत म्हणून लिफ्ट रिकामी करावी लागली.

आणि अशा ऐन वेळी दारात हौसाबाई येऊन उभी राहिली. मागे तिच्या जावा, नणंदा आणि घरून सोबत घेतलेली, लाजत उभी करिष्मा.

हौसाबाईनं गर्दी बघितली. खूश झाली. आत शिरली. कोणी ‘या’ म्हणालं नाही. वर गेली. सतरंजीवर बसायला जागा नव्हती. एका पोरानं तिला "मौसी, लाइन में" असं सांगितलं. कोनच्या भोवतालच्या चार गावांत हौसाबाईला लाइन में सांगणारा माणूस अजून जन्मायचा होता.

"आबा!" ती गरजली. "वरमाय आलीय, आन तिला बगायला मानूस न्हाय?"

आबांच्या अंगाला घाम फुटला. दुकान रिकामं म्हणून बस्ता जात होता, आता भरलं म्हणून जायची वेळ आली. ते मितेशच्या कानाशी लागले. "आरं, आवर ह्यांना! सांग, काम झालं, बस करा!"

"आबा, सुट्टीच्या दिवशी ती माझं ऐकत नाहीत," मितेश म्हणाला.

हौसाबाईनं थोडा वेळ कमरेवर हात ठेवून तमाशा पाहिला. समोर श्रीनाथराव सात जणींना एकाच वेळी सात साड्या दाखवत होते आणि एक पोरगी कंटाळून उठायच्या बेतात होती. बाजारात उभा जन्म काढलेल्या बाईला हातचं गिऱ्हाईक उठून जाताना बघवेना. तिनं पदर खोचला, सतरंजी ओलांडून पलीकडे गेली आणि त्या पोरीचा हात धरून खाली बसवलं.

"बस गो! तुझा रंग कवरा उजल हाय, तुला ती पोपटी कशाला? ह्यो मोरपंखी बग. काका, तो मोरपंखी टाका इकरं!"

मग काय विचारता. हौसाबाईचा आवाज तिन्ही मजल्यांवर घुमू लागला. तिच्या जावा घड्या घालायला बसल्या. "ह्यो धुतला तरी जानार न्हाय, मी सांगते ना!" असं ती छातीठोक सांगत होती, त्या साडीशी तिची ओळख नुकतीच झालेली. आबा जिन्याशी उभे राहून बघत होते. वडील गेल्यापासून दुकानात असा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. त्यांना इतका आनंद झाला की थोडा वेळ बस्त्याचाही विसर पडला.

तेवढ्यात, मघाशी जेवण विचारणारा तो पोरगा दोन चादरी घेऊन आबांपुढे आला. हौसाबाई हाताच्या अंतरावर.

"चाचा," तो लाडीगोडीनं म्हणाला, "हम तो आपके नकली ग्राहक हैं। हमको तो कुछ कम करो!"

आबांनी कानातलं मशीन काढलं. उपयोग नव्हता, ऐकायचं ते हौसाबाईनं ऐकलं होतं.

हौसाबाईनं पोराकडे बघितलं, मितेशकडे बघितलं, मग आबांकडे.

"भाड्यानं आनलीव मानसा?"

आबांनी मशीन परत घातलं. खोटं बोलायचं त्राण उरलं नव्हतं. "जेवनावर आनली," ते म्हणाले. "हौसाबाय, दुकान खरंच ओसाड हाय. तुमी बगितलं ते बरोबर बगितलं. पन नातीचा बस्ता दुसर्‍याच्या दुकानातनं जानार म्हटल्यावर मना ऱ्हावलं न्हाय."

हौसाबाईनं त्या पोराच्या हातातल्या चादरी घेतल्या, बोटांत चोळून बघितल्या.

"ह्याचं पैसं कोन देनार? ह्यो का तुमी?"

"मैं दूँगा, मौसी," पोरगा म्हणाला. "मेरी कमाई है।"

"मग नकली कसला रं तू?" हौसाबाई त्याच्यावरच उखडली. "पैसं खरं, चादर खरी, आन तूच तेवरा नकली? आबा, तुमाला मी सांगू, मना भ्या कसलं होतं? मना वाटलं, दुकान बंद करतात म्हनून उरलासुरला माल माझ्या सुनंच्या गाठोड्यात घालतील. आता मगापासनं तुमचा माल मीच इकतंय. माल चोख हाय." ती पुन्हा मांडी घालून बसली. "आता ह्या पोरींना थोरं सरकू द्या आन माझं बगा. शालू काढा."

आबांनी गादी उचलून खालून मलमलीत गुंडाळलेला शालू काढला. त्यांनी तो करिष्माचं लग्न ठरलं त्याच दिवशी बाजूला ठेवला होता. श्रीनाथरावांनी मनगटाला हिसका दिला. मृणाली आणि गोदामातल्या सगळ्या पोरी श्वास रोखून बघत राहिल्या. हौसाबाईनं शालू उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला, आणि काहीच खोट सापडेना म्हणून शेवटी "घडी जरा जुनी हाय" एवढं म्हणून घेतला. पुढची खरेदी दुपार कलेपर्यंत चालली. घासाघीस इतकी रंगली की गोदामातली पोरं जेवण सोडून जिन्यावर बसून ती ऐकत होती.

धनेशनं गल्ल्यावरूनच फोन लावला. "जागा रिकामी न्हाय हो," एवढंच बोलून त्यानं तो ठेवला.

आता गाठोडं बांधायचं राहिलं. नवलाईची रीत अशी, की बस्त्याची गाठ दुकानातल्या सर्वांत वडीलधाऱ्यानं मारायची, वर नारळ ठेवायचा, हळदकुंकू लावायचं आणि गाठोडं वरमाईच्या हातात देताना म्हणायचं: ‘माल तुमचा झाला, लेक तुमची झाली. सुखानं न्या.’ हे वाक्य विठूशेठचं. आबांनी ते उभ्या आयुष्यात इतक्या वेळा म्हटलं होतं की ‘सुट्टे द्या’ म्हणावं तसं ते तोंडातून जाई.

त्यांनी गाठ मारली. नारळ ठेवला. गाठोडं उचलून हौसाबाईपुढे धरलं.

"माल तुमचा झाला," आबा म्हणाले. आणि पुढे काही बोलेनात.

श्रीनाथरावांना वाटलं, वयामुळे विसरले. त्यांनी मागून हळूच सुचवलं, "लेक तुमची..."

आबांना आठवत होतं. गेले कित्येक दिवस ते बस्ता आपल्या दुकानात व्हावा म्हणून धडपडले होते. त्या धडपडीत त्यांना एक गोष्ट सुचलीच नव्हती, की तो झाला तर हे वाक्य आपल्यालाच म्हणावं लागेल. समोर करिष्मा उभी होती. लहानपणी ती याच मजल्यावर साड्यांच्या ढिगात झोपायची, आणि गिऱ्हाईक आलं की आबा ढीग तिच्यासकट बाजूला सरकवायचे. त्यांना रडू आलं. चारचौघांत, भरल्या दुकानात, सरळ रडू आलं.

हौसाबाईनं गाठोडं धरलं. आबांनी सोडलं नाही. तिनं जरा ओढलं. आबांनीही ओढलं.

"आबा," करिष्मा पुढे होऊन म्हणाली, तिचेही डोळे भरले होते, "सोडा आता. एकदा दिलेलं परत घेता येत न्हाय. तुमचाच नियम हाय." आणि हसायचा प्रयत्न करत तिनं भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं.

आबांनी पाटीकडे पाहिलं.

"धनेश," ते म्हणाले, "स्टूल घे. ती पाटी काढ."

"बाबा?"

"काढ म्हनतो ना! आन तुझ्या आत्याला फोन कर. म्हनावं, कुकर घेऊन ये."

धनेश स्टुलावर चढला. पाटी निघाली, तिच्यामागे भिंतीचा चौकोन पहिल्या दिवसाच्या रंगाचा, कोरा निघाला. मग आबांनी नाक पुसलं, गाठोडं हौसाबाईच्या हातात ठेवलं आणि राहिलेलं वाक्य पुरं केलं. "लेक तुमची झाली. सुखानं न्या."

हौसाबाईनं गाठोडं छातीशी धरलं. एकदा कोऱ्या भिंतीकडे पाहिलं, एकदा आबांकडे. शेवटी बाजारातली बाई ती.

"पाटी काढलीव ते बेस झालं, आबा," ती म्हणाली. "पन मी काय ही परत द्यायची न्हाय."

आणि करिष्माचा हात धरून ती लिफ्टकडे निघाली.